पाच आठवड्यांची लेक दिवसा झोपते, रात्री जागते. झोपेची घडी कशी बसवलीत?

गोदाकाठची_लेक | ८ डिसेंबर, रात्री २:५२

लेक मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाळ आज छत्तीस दिवसांचं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी पंचवटीत आहे. सासर सिडकोत, नवरा अंबडला कंपनीत, पाळ्यांची नोकरी. इथे आई, बाबा आणि मी.

आमचा दिवस असा जातो. सकाळी साडेनऊला न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात. अंगाला तेल, पायांवर घेऊन कढत पाण्याची आंघोळ, दुपट्यात गुंडाळणं. की पोरगी झोपली, ती थेट दीड-दोनपर्यंत. दूध मागायलाही उठत नाही. मग प्यायली की परत पाचपर्यंत. संध्याकाळी सहा वाजले की किरकिर सुरू, दर अर्ध्या तासाला अंगावर घ्यावं लागतं. आणि रात्री अकरा ते तीन टक्क जागी. रडतेच असं नाही, मोठे डोळे करून ट्यूबलाइटकडे बघत बसते. खाली ठेवलं की मात्र रडते.

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. सातला आंघोळ, साडेसातला दूध, आठला बाळ झोपलं. तीन दिवस तसंच केलं. तिन्ही दिवस ती आठला झोपली आणि आठ वीसला उठली. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. आई म्हणते, बाळं अशीच असतात, सव्वा महिना झाला की लागेल वळण. सव्वा महिना तर परवा होतोय.

एवढ्या लहान बाळाला झोपेची सवय लावता येते का? ज्यांनी लावली त्यांनी नेमकं काय केलं, किती दिवस लागले, हे सविस्तर सांगा. "धीर धर" एवढंच नका लिहू, तो धरून झालाय.

वॉर्डातली_ताई | ९ डिसेंबर, सकाळी ७:१८

रात्रपाळी संपवून बसले तोच तुझा धागा दिसला. चौदा वर्षं नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, म्हणून हक्काने लिहितेय.

आधी दोन गोष्टी सांग. जन्माचं वजन किती, आता किती? दिवसभरात शू किती वेळा होते? वजन नीट वाढत असेल आणि सहा-सात लंगोट चांगले ओले होत असतील, तर पुढचं वाच. नसेल तर झोपेचा विषय बाजूला ठेव आणि बाळाच्या डॉक्टरांकडे जा.

या वयाचं बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. पोट एवढंसं, आईचं दूध लवकर पचतं, त्यामुळे दोन-तीन तासांनी भूक लागणारच. दिवस आणि रात्र यातला फरक त्याच्या शरीराला अजून कळत नाही. अंधार पडला की झोप आणणारं मेलाटोनिन बाळाच्या अंगात ठरावीक लयीत तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात. म्हणून आठ वाजताची वेळ आज लावून काही होणार नाही. यात तुझी चूक नाही.

संध्याकाळची किरकिर आणि सारखं दूध मागणं, हेही या वयाचंच. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जातं, तीन-चार महिन्यांत बरंच निवळतं. म्हणजे तू आत्ता अगदी चढावर आहेस.

पण हातात काहीच नाही असंही नाही. वेळ लावता येत नाही, क्रम लावता येतो. रोज त्याच चार गोष्टी, एकीमागून एक, मग घड्याळात आठ वाजोत की दहा. आणि उजेड आपल्या हातात असतो. तुझी खोली दिवसा कशी असते, ते लिही.

गोदाकाठची_लेक | ९ डिसेंबर, सकाळी ११:०५

ताई, जन्माला २.८ किलो होती, परवा ३.७ भरली. शू सात-आठ वेळा होते. डॉक्टर म्हणाले, छान चाललंय.

खोली... हे लिहिताना माझं मलाच काहीतरी लक्षात येतंय. आईने खिडक्यांना जाड चादरी लावल्यात, वारं लागू नये म्हणून. दिवसभर अंधार असतो. आत्ता अकरा वाजलेत आणि मला माझी बोटं नीट दिसत नाहीयेत. रात्री मात्र ट्यूब चालू असते, कारण लंगोट बदलायचं, पाजायचं, काही सांडलं-लवंडलं तर दिसायला हवं. आणि रात्री ती जागी असली की आम्ही तिघंही तिच्याशी बोलतो. बाबा खुळखुळा घेऊन येतात.

वॉर्डातली_ताई | ९ डिसेंबर, सकाळी ११:३०

अगं, मग तिच्या दृष्टीने दिवस रात्री अकराला सुरू होतो! उजेड तेव्हा, माणसं तेव्हा, खुळखुळा तेव्हा.

आजच चादरी काढ. वाऱ्याची भीती असेल तर काच लावून घे, पण पडदा उघडा. सकाळी उठली की तिला घेऊन खिडकीपाशी बस, कडक उन्हात नको, नुसता उजेड पुरे. दिवसा घरातले आवाज दाबू नकोस. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, बेल वाजू दे. आणि आंघोळीनंतर तीन तास झाले की हळूच उठवून पाज. दुपटं सोड, तळपाय पुसून घे, लंगोट बदल, जागी होते. दिवसाची दुधं राहिली की ती रात्री वसूल करते.

रात्री ट्यूब बंद. झिरोचा बल्ब, तोही पिवळा आणि तिच्या डोळ्यांवर न येईल असा. पाजायचं, ढेकर काढायची, लंगोट ओला असेल तर बदलायचं, आणि बोलायचं नाही. डोळ्यांत डोळे घालून खेळवणं दिवसासाठी ठेव.

आणखी एक. लहान बाळ झोपेत कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं. त्याची निम्मी झोप अशी चाळवलेलीच असते. प्रत्येक आवाजाला उचललंस तर झोपलेलं बाळ तूच उठवशील. मिनिटभर थांब, बघ, मग उचल.

समईची_वात | ९ डिसेंबर, दुपारी ४:४०

मी एकाहत्तर वर्षांची आहे. सोमवार पेठेतल्या वाड्यात माझी तिन्ही बाळंतपणं झाली. नातसून लिहून देतेय, मी सांगतेय.

बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीला सगळे नावं ठेवतात, म्हणून मुद्दाम बोलते. ती खोली बाळासाठी नव्हती, बाळंतिणीसाठी होती. घरात वीस माणसं, सासरे-दीर, आल्यागेल्यांचा राबता. बाईला दार लावून पडता यावं, कुणी कामाला हाक मारू नये, म्हणून ती आडोशाची जागा. आणि आमच्या वेळी ती दिवसा अंधारी होती तशी रात्रीही अंधारीच होती. कोनाड्यात समईएवढा उजेड, बस. ट्यूबलाइट तुमच्या काळातली. तुझ्या आईने अर्धी रीत पाळली आणि अर्धी विसरली. तिला रागावू नकोस, तिने मायेनेच केलं.

आता माझी रीत सांगते. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की बाळाचे हातपाय कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचे. आंघोळ नाही, नाशकातली थंडी सोसायची नाही. तळपायांना थोडं तेल, कोरडं लंगोट, सुती झबलं. मग मांडीवर आडवं घ्यायचं आणि ओवी म्हणायची. रोज एकच. माझी मीच जुळवलेली होती:

उतरली सांज बाई, गोदेच्या गं पाण्यावरी
झोप आली लेकराला, आजीच्या गं मांडीवरी

गळा गोड असायला लागत नाही. शब्द बदलू नको आणि चाल बदलू नको, एवढंच. माझ्या धाकट्याला चौथ्या महिन्यात पहिली ओळ ऐकली की जांभई यायची.

सातपूरचा_बाबा | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

वडिलांच्या बाजूने लिहितो. धाग्यात तुमच्या मिस्टरांचा उल्लेख फक्त नोकरीपुरता आलाय.

आमचा मुलगा आता सात महिन्यांचा आहे. बायको माहेरी होती तेव्हा मी रविवारी जाऊन बाळ बघून यायचो, पाहुण्यासारखा. एका रविवारी ती मला म्हणाली, "तुम्ही त्याला बघायला येता, मला झोपवायला कोण येणार?" त्या दिवसापासून पहिली पाळी असली की साडेतीनला सुटून घरी, दोन तास झोप, आणि आठला सासुरवाडीला. नऊचं दूध पाजून झालं की बाळ माझ्याकडे आणि ती दुसऱ्या खोलीत, दार लावून. बारापर्यंत तिला कुणी उठवायचं नाही, भूक लागली तर तेवढं पाजायला हाक. ढेकर, लंगोट, खांद्यावर घेऊन फेऱ्या, सगळं माझ्याकडे. तीन तासांची सलग झोप मिळाल्यावर ती दुसरीच बाई वाटायला लागली.

पहिले चार दिवस तो माझ्याकडे रडायचा आणि सासूबाई दाराशी उभ्या राहायच्या. मी विनंती केली, आई, मला शिकू द्या. पाचव्या दिवशी माझ्या छातीवर झोपला. एक सावधगिरी सांगतो: खुर्चीत बसून, बाळ छातीवर घेऊन, माझाच डोळा लागला होता. जाग आली तेव्हा तो घसरून कोपराच्या बेचक्यात आलेला. त्यानंतर मला पेंग आली की आधी त्याला त्याच्या गादीवर ठेवायचं, हा नियम केला.

जुळ्यांची_आई_ओझर | १० डिसेंबर, दुपारी १:२०

मला वहीने वाचवलं. साधी दोनशे पानी वही, उशाशी पेन बांधलेलं. झोपली किती वाजता, उठली किती वाजता, प्यायली कधी. बाकी काही लिहायचं नाही. आठवडाभराने पानं उघडली तेव्हा दिसलं की एक मुलगी रोज साधारण पावणेदहाला गाढ झोपते आणि मी मात्र तिला साडेआठपासून झोपवायच्या मागे लागलेली असते. सव्वा तास दोघींचाही छळ. मग मी तिचा क्रम सव्वानऊला सुरू केला आणि भांडण मिटलं. पुढे दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणत गेले.

आणि या वयात बाळ फार वेळ जागं राहू शकत नाही, जेमतेम पाऊण ते एक तास. नजर चुकवायला लागली, भुवया लालसर झाल्या, हाताच्या मुठी वळल्या, की ती झोपेची वेळ. ती गेली की बाळ दमून चिडतं आणि मग झोपवणं दुप्पट अवघड.

द्राक्षबाग | १० डिसेंबर, रात्री ९:०२

आमच्याकडे पिंपळगावला तीन उपाय पिढ्यानपिढ्या आहेत. गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त द्यायचे, मोहरीच्या उशीवर डोकं ठेवायचं आणि पालथं झोपवायचं. बाळ दचकत नाही, चार-चार तास झोपतं. आम्ही सगळे तसेच वाढलो. यात गैर काय, ते समजून घ्यायचंय, वाद घालायचा नाही.

वॉर्डातली_ताई | ११ डिसेंबर, सकाळी ८:०५

तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हे तिन्ही उपाय आमच्याही घरात होते.

पालथं बाळ गाढ झोपतं, हे खरंच. तोच धोका आहे. श्वास अडायला लागला तर जागं व्हायची, मान वळवायची जी धडपड बाळ करतं, ती इतक्या गाढ झोपेत कमी पडते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं झोपवा अशी मोठी मोहीम काढली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुम्ही-आम्ही वाचलो, पण जी वाचली नाहीत ती बाळं इथे लिहायला येत नाहीत. म्हणून दिवसा असो की रात्री, झोप उताणीच. पालथं घालायचं ते जागेपणी, आपण समोर बसून.

उशी मोहरीची असो की कापसाची, वर्षभर नको. गादी सपाट आणि जरा कडकच, आजूबाजूला तक्के-लोड नकोत, मऊ खेळणी नकोत, तोंडावर येईल असं पांघरूण नको. बाळ आईच्याच खोलीत, हात पोचेल इतकं जवळ, पण स्वतःच्या गादीवर. डोकं एका बाजूला चपटं होतंय वाटलं तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे तोंड करून ठेवायचं.

जायफळाबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. जायफळाने येते ती झोप नाही, ती गुंगी आहे. सहाणेवर किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही आणि तीन-चार किलोच्या जिवाला थोडंही जास्त होतं. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, आणि मध तर वर्षभर नाही. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात तेवढे चालतील.

थंडीचे दिवस आहेत म्हणून हेही लिहिते: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तो वायू दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. धुरीही बाळाच्या खोलीत नको, ती कोवळी फुप्फुसं आहेत.

द्राक्षबाग | ११ डिसेंबर, दुपारी १२:४०

आईला वाचून दाखवलं. तिने जायफळ आजपासून बंद केलं. उशीवर अजून बोलणं चालू आहे.

गोदाकाठची_लेक | १३ डिसेंबर, दुपारी ३:३०

चार दिवसांचा हिशेब.

चादरी काढल्या. आई आधी गप्प होती. मग समईच्या वातीची पोस्ट तिला मोठ्याने वाचून दाखवली. "अर्धी रीत पाळली, अर्धी विसरली" ऐकून ती उठली आणि स्वतःच स्टुलावर चढून दुसऱ्या खिडकीची चादर सोडली. म्हणाली, माझ्या आईच्या घरी कंदील होता गं, लक्षातच नाही आलं.

मावशींना सकाळचीच वेळ जमते, पुढे त्यांची तीन घरं आहेत. त्यामुळे आंघोळ तिथेच ठेवली. पण पाणी आता कढत नाही. कोपर घालून बघते, सोसेल इतकंच. आणि साडेबाराला उठवते. पहिल्या दिवशी उठवायला वीस मिनिटं लागली, तळपाय पुसले, झबलं काढलं, तरी हूं नाही की चूं नाही. काल पाच मिनिटांत उठली.

संध्याकाळचा क्रम: अंग पुसणं, तळपायाला तेल, कोरडं लंगोट, झबलं, झिरोचा बल्ब, दूध, ढेकर, ओवी. ओवी मी आजींची घेतलीय, फक्त "आजीच्या" ऐवजी "आईच्या" म्हणते. नवरा बुधवारी आणि शुक्रवारी आला होता. सातपूरच्या बाबांची पोस्ट त्याला पाठवली होती, त्यावर काही बोलला नाही, पण येताना रात्रीचे कपडे घेऊनच आला.

रात्रीची जाग अजून आहे. पण काल अकरा ते तीनऐवजी साडेअकरा ते एक.

आशा_त्र्यंबक | १३ डिसेंबर, रात्री ८:५०

मी त्र्यंबक तालुक्यात आशा म्हणून काम करते. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आम्ही घरी जातो. त्यामुळे बाळं झोपतात कशी, कुठे, हे रोज बघते.

इथे खोली, पडदा, झिरोचा बल्ब असं लिहिलंय ते बरोबरच आहे. पण माझ्या पाड्यांवर एकच खोली असते. त्यातच चूल, त्यातच टीव्ही, त्यातच सहा माणसं. तिथल्या आयांना मी काय सांगते ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

दिवसा बाळाला घेऊन दारात किंवा ओट्यावर सावलीत बसायचं, उजेड आपोआप मिळतो. रात्री नऊनंतर टीव्ही बंद, हे मी बाईला नाही, घरातल्या पुरुषाला आणि सासूला सांगते, कारण रिमोट त्यांच्याकडे असतो. चूल पेटलेली असेल तेवढा वेळ बाळ बाहेर, दुसऱ्याच्या मांडीवर. साडीची झोळी सगळीकडे असते. झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. म्हणून झोका द्यायचा तर कुणीतरी जागं बसून, आणि झोप लागली की काढून सपाट गोधडीवर उताणं.

ताप वाटला, हात लावून गरम लागलं, तर झोपेची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला शंभर पूर्णांक चार दशांश (१००.४) फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे लगेच दवाखाना, रात्र असली तरी. दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, निपचित पडलंय, हेही तसंच. "शांत झोपलंय" म्हणून घरच्यांनी सोडून दिलेलं एक बाळ मी स्वतः गाडी बोलावून नेलंय. आता ते चालतंय, मला बघून पळून जातं.

नाव_नको | १५ डिसेंबर, पहाटे ४:१०

धागा वाचताना एक गोष्ट लिहावीशी वाटली. पहिल्या पोस्टमध्ये न्हाणीघरात रडल्याचं वाचलं म्हणून.

माझं बाळ झोपायला लागलं तरी मला झोप येत नव्हती. ती शांत झोपलेली आणि मी पंख्याकडे बघत पडलेली. तिला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं आणि ते कुणाला सांगायची लाज वाटत होती. घरचे म्हणायचे, जागरणामुळे होतंय. दोन महिने मीही तेच समजत राहिले. शेवटी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन केला, पलीकडची बाई मराठीत बोलली, आणि मी पहिल्यांदा ते मोठ्याने उच्चारलं. मग डॉक्टर, औषध, आणि हळूहळू बरी झाले.

बाळाच्या झोपेची वही ठेवाल तेव्हा त्यात एक रकाना स्वतःच्या झोपेचाही ठेवा. बाळ झोपलेलं असूनही तुम्हाला झोप येत नसेल, दोन आठवडे सारखं रडू येत असेल, तर ती निव्वळ दमणूक समजू नका.

गोदाकाठची_लेक | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

नाव_नको, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार. रकाना आखला. काल माझी झोप: दीड तास, अडीच तास, पाऊण तास. बाळ झोपलं की मीही झोपते, म्हणजे तसं ठीक आहे. पण आईलाही ते वाचायला दिलं, तिचं लक्ष राहील.

निफाडची_सून | २६ डिसेंबर, रात्री ११:३५

आमच्याकडे पहाटे हातपाय आखडतात अशी थंडी आहे. बाळ तीन आठवड्यांचं. किती कपडे घालायचे? हात बर्फासारखे लागतात, म्हणून सासूबाई आणखी एक स्वेटर चढवतात आणि मग ते रडतं.

वॉर्डातली_ताई | २७ डिसेंबर, सकाळी ७:४०

हात-पाय बघून ठरवू नका, या वयात ते गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर, कपड्याच्या आत, बोटं घालून बघा. उबदार आणि कोरडं लागलं तर बस. ओलसर लागलं, घाम असला, तर एक कपडा कमी. साधारण तुम्ही जेवढे थर घालता त्याहून एक जास्त. जाड रजई नको. दुपटं छातीपाशी व्यवस्थित पण पायांशी सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ करून घट्ट बांधले तर खुब्याला त्रास होतो. आणि बाळ कुशीवर वळायची धडपड करायला लागलं की गुंडाळणं बंद.

तीन आठवड्यांचं आहे, तर रात्रीही फार वेळ उपाशी झोपू देऊ नका. वजन नीट वाढतंय असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तीन-तीन तासांनी उठवून पाजा.

गोदाकाठची_लेक | १८ जानेवारी, दुपारी २:१५

अकरा आठवडे. मध्ये लिहायचं राहिलं.

नाताळच्या आठवड्यात सगळं विस्कटलं होतं. घराजवळच्या लॉन्सवर लग्नं, रात्री अकरापर्यंत ढोल आणि बँड, खिडकीच्या काचा थरथरायच्या. चार रात्री ती परत एकपर्यंत जागी. मला वाटलं, केलेलं सगळं पाण्यात गेलं. पण ओझरच्या ताईंनी सांगितलं तसं वहीत मागे जाऊन बघितलं, तर दुपारची झोप आणि दूध जिथल्या तिथे होतं. म्हणून बाकी काही न बदलता तोच क्रम चालू ठेवला. ढोल वाजत असताना मी ओवी म्हणत होते, तिला ऐकू येत होती की नाही देव जाणे. पाचव्या रात्री लग्न नव्हतं आणि ती दहाला झोपली.

आता पावणेदहा-दहाला झोपते, दोनच्या आसपास दुधाला उठते, मग पाचला. दोन्ही वेळा वीस मिनिटांत परत झोपते. संक्रांतीच्या दिवशी पतंगवाल्या मुलांचा दिवसभर आरडाओरडा, त्यात दुपारी दोन तास झोपली. दिवसा आवाजाची सवय झालीय.

समईची_वात | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

शाब्बास गं. सासरी कधी जातेस? घर बदललं की चार दिवस रडेल, तेव्हा दचकू नकोस. तिचं वापरातलं दुपटं न धुता ने, त्याला माहेरचा वास असतो.

गोदाकाठची_लेक | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आजी, न धुता नेलं. सासूबाईंनी भिजत घालायला उचललं होतं, वेळेवर सांगितलं म्हणून वाचलं.

सिडकोत येऊन नऊ दिवस झाले. इथे हॉल आणि एक खोली, हॉलमध्ये सासऱ्यांच्या बातम्या. पहिले तीन दिवस अकरा-साडेअकरा. चौथ्या दिवशी नवरा त्याच्या वडिलांशी बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही. पण तेव्हापासून नऊ वाजले की सासरे स्वतः उठतात, टीव्ही बंद करतात, हॉलची ट्यूब बंद करतात आणि मोबाइल घेऊन गॅलरीत जाऊन बसतात, कानटोपी घालून.

झिरोचा बल्ब आईने माहेराहून काढून दिला. नवीन मिळाला असता इथेही, पण तिने स्टुलावर चढून तोच काढला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

नवरा आज दुसऱ्या पाळीला आहे, म्हणून सगळं मीच केलं. अंग पुसलं, तेल, झबलं, दूध. ढेकर आली. ओवीच्या पहिल्या ओळीला "पाण्यावरी" म्हटलं आणि तिने तोंड भरून जांभई दिली. वहीत लिहिलंय: ९:४२.